भिंतीला खिळा नको

४ मार्च

घर नुसतं पाहण्याचेही पैसे लागतात! वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हे ज्ञान झालं.

एजंटने आज तीन घरं दाखवली. पहिल्याला खिडकी होती, पण खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. दुसऱ्याच्या बाथरूमचं दार लागत नव्हतं. "लागत नाही म्हणजे काय मॅडम, घरातलीच तर माणसं!" तिसऱ्याचं दार एका बाईंनी उघडलं. हातात झाडू, मागे अर्धवट उघडलेली खोकी. म्हणाल्या, आम्ही कालच राहायला आलो. एजंट त्यांच्याकडे बघून असा हसला, जणू मला त्यांनाच भेटवायला आणलं होतं.

खाली आल्यावर त्याने हात पुढे केला. मला वाटलं, निरोपाचा. मीही केला पुढे! "नाही मॅडम... फक्त पाचशे. व्हिजिट चार्ज. घर ठरलं की ब्रोकरेजमधून वजा होतील."

भांडायचं होतं. अख्खं वाक्य तयार होतं—दाखवलंत काय, तर दुसऱ्याचं राहतं घर! तोंडातून निघालं, "चालेल."

हा माझा रोगच आहे. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं गिऱ्हाइकांना "चालेल, चालेल" करून जिभेला घट्टा पडलाय. मनातल्या मनात मी भल्याभल्यांना धूळ चारते. मग खोलीवर येऊन इथे लिहिते.

५ मार्च

हॉस्टेलात माझ्या खोलीत असते ती नर्स म्हणाली, "पाचशे दिलेस? पावती?" पावती नाही. तिने कपाळावर हात मारून घेतला. एजंटचं नाव आम्ही ठेवलं फक्तराव. आणि तिने माझं ठेवलं—चालेलबाई.

९ मार्च

रविवार. आईकडे जाऊन आले. म्हणजे दादाकडे. बाबा गेल्यापासून आई दादाकडेच असते. मी अजून "आईकडे" म्हणते आणि वहिनी दर वेळी हसून दुरुस्त करते, "आमच्याकडे."

आईची खोली स्वयंपाकघराच्या मागची. आधी तिथे सायकल आणि रिकामी खोकी असायची. आता पलंग, एक खुर्ची, आईची ट्रंक. खिडकी आहे, पण तिच्यातून ऊन असं येत नाही, नुसता उजेड. बाबांचा फोटो अजूनही ट्रंकेवर, भिंतीला टेकवून. तीन वर्षं झाली! म्हटलं, दादाला सांगून एक खिळा ठोकून घे ना. "राहू दे. बसल्या बसल्या डोळ्यांसमोर असतात." आम्ही बाहेरच्या खोलीत आलो तर ही परत आत गेली—पंखा बंद करायला. जन्मभर काटकसर केली, आता या वयात तरी... पण ऐकेल ती आई कसली.

चहा घेताना तिच्या मनगटांकडे लक्ष गेलं. काचेच्या दोन-दोन बांगड्या, बस. सोन्याच्या कुठायत? "दादाकडे दिल्यात ठेवायला." ते बरं केलं. घरात दिवसभर एकटीच असते.

निघताना जिन्यापर्यंत सोडायला आली. कठड्याला धरून उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "तुझी एक खोली असती ना गं... सकाळी उन्हात बसायला मिळालं असतं." एवढंच. आणि लगेच, "जा, बस चुकेल."

आईने आजवर माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलेलं नाही. हे पहिलंच. हॉस्टेलात पाहुण्याला संध्याकाळनंतर थांबू देत नाहीत, म्हणून तर ही घरासाठी वणवण. आईला माझ्याकडे आणायचं. एक खोली, एक गॅलरी, गॅलरीत सकाळचं ऊन. लोक बंगले बांधतात. मला एवढं तरी जमायला हवं!

१३ मार्च

दुकानात एक आजोबा आले. फ्रेम पसंत केली, बिल बघितलं आणि म्हणाले, "फ्रेमवर दोन हजार लिहिलंय. मग हे साडेपाच कुठून आले?" मी नेहमीच्या गोड आवाजात सुरू झाले—ती नुसत्या फ्रेमची किंमत, आजोबा. काच वेगळी. लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत हवाय ना, मग ती काच महाग. चकाकी नको, तर कोटिंग वेगळं. बसवायचे वेगळे.

त्यांनी बिल पुन्हा एकदा वाचलं. मग खिशात हात घातला आणि म्हणाले, "चालेल."

अगदी माझाच सूर! संध्याकाळपर्यंत कशात लक्ष लागलं नाही.

१८ मार्च

सापडलं! सापडलं!

दुसरा मजला, लिफ्ट चालू आहे (मी दोनदा वर-खाली करून पाहिली). एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूमच्या दाराला आतून कडी. आणि गॅलरी! फार मोठी नाही, एक खुर्ची आणि एक कुंडी मावेल. पूर्वेकडे तोंड. समोर शाळेचं मैदान, म्हणजे ऊन अडवणारं काही नाही.

भाडं अठरा हजार. माझ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. नाकापेक्षा मोती जड, हे कळतंय मला. पण गॅलरीत उभी होते तेव्हा मला आई दिसत होती, पाय पसरून बसलेली, डोळे मिटलेली.

फक्तराव माझा चेहरा वाचत असणार. "मॅडम, अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात. टोकन द्या, त्यांना मी नाही सांगतो. फक्त दहा हजार." दिले. हे टोकन पुढे डिपॉझिटमध्ये धरतात की कसं, ते विचारायचं होतं. तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो जिन्यातच गेला. मी लिफ्टने उतरले. खाली तो नव्हताच.

१९ मार्च

आईला फोन केला. मला वाटलं, आनंदाने ओरडेल. तिने आधी आवाज खाली केला. "भाडं किती? ... आणि डिपॉझिट? ... मेंटेनन्स त्यात धरून, की वरून?"

विचारलं नाही गं, म्हटलं.

"विचारून घे. वरूनच असतं बहुतेक. आणि लाइटचं मीटर वेगळं, की वाटून घेतात?"

मी चाट! बाबांच्या नोकरीतल्या क्वार्टरमध्ये हिचा सगळा संसार झाला. भाडं परस्पर पगारातून कापलं जायचं. मेंटेनन्स हा शब्द हिच्या तोंडी कुठून आला? "ऐकते की चार बायकांत," म्हणाली. बिल्डिंगमधल्या बायका चांगल्या हुशार दिसतायत.

शेवटी विचारलंच तिने, "ऊन येतं ना गं?"

येतं, आई. भरपूर येतं.

२२ मार्च

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

मी मनाशी धरलं होतं: डिपॉझिट तीन महिन्यांचं, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, फक्तरावचं ब्रोकरेज एक महिन्याचं. म्हणजे नव्वद. साठवलेले एक लाख वीस. उरलेल्या तीसमध्ये पलंग, गॅस, टेम्पो. किती छान बसत होतं!

फक्तरावने आज चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या माझं शिक्षण केलं. मेंटेनन्स वरून (आई!), तोही तीन महिन्यांचा आगाऊ. करारनाम्याचा खर्च—म्हटलं, तो मालक-भाडेकरूत निम्मा-निम्मा असतो ना? "असतो मॅडम, बाकी ठिकाणी असतो. आपल्या मालकीणबाईंचा नियम वेगळा आहे." पोलिसांकडच्या कागदाचे, फक्त हजार. आणि टोकन? टोकन डिपॉझिटमध्ये नाही! करार होईपर्यंत मालकीणबाई घर रिकामं ठेवणार, दुसऱ्याला दाखवणार नाहीत, त्याचे ते पैसे. म्हणजे मी न राहिलेल्या घराचं भाडं भरलं.

मग हळूच विचारलं, ते व्हिजिटचे पाचशे तरी वजा होतील ना? "ते ब्रोकरेजवरच्या टॅक्समध्ये गेले, मॅडम."

आता मागे फिरावं, तर दहा हजार बुडाले. पुढे जावं, तर बाकीचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रडू येत होतं. चहाचे पैसेसुद्धा मीच दिले.

२३ मार्च

आज रविवार असून आईकडे गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

२७ मार्च

मालकीणबाईंच्या घरी करारनामा वाचायला बोलावलं होतं. मी सगळं मनात घोकून गेले होते. आज एक-एक गोष्ट विचारायची, एकही "चालेल" म्हणायचं नाही. नर्सने जाताना धमकी दिली होती, "चालेल म्हणून आलीस तर खोलीत घेणार नाही."

आणि मालकीणबाई निघाल्या गोड! पाठीवरून हात फिरवला. स्वतः चहा केला, बिस्किटं पुढे केली. "तू मला मुलीसारखी. आईला आणतेयस, केवढं पुण्य!" आता मुलीसारखी म्हटल्यावर मी काय विचारणार? मुलगी आईशी घासाघीस करते का? मी बिस्किट खाल्लं आणि ऐकत बसले.

करार अकरा महिन्यांचा. पहिले सहा महिने घर सोडता येणार नाही, सोडलं तरी सहा महिन्यांचं भाडं द्यायचं. त्यानंतर सोडायचं तर एक महिना आधी नोटीस. नोटीस न देता गेलं, तर डिपॉझिटमधून कापणार. सोडताना रंगाचे आणि साफसफाईचे कापणार, भिंती खराब झाल्या असोत वा नसोत. दर वर्षी भाडं दहा टक्के वाढणार आणि करार नवा झाला की फक्तरावला पुन्हा ब्रोकरेज. तो कोपऱ्यात बसून मान डोलावत होता. बिस्किटं त्यानेच संपवली.

आणि शेवटी—भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भोकामागे दंड.

मला बाबांचा फोटो आठवला. नव्या घरात पहिलं काम तेच करायचं असं ठरवलं होतं. म्हटलं, "एक फोटो आहे, वडिलांचा..." मालकीणबाईंनी माझा हात हातात घेतला. "अगं, एकाला परवानगी दिली की सगळेच मागतात." सगळे कोण? आम्ही दोघीच तर आहोत!

म्हणाले, चालेल.

२८ मार्च

नर्सने खोलीत घेतलं, पण माझ्याशी बोलत नाही.

आईला फोनवर सगळं सांगितलं. सहा महिन्यांच्या अटीवर जरा थबकली. नोटीस किती, विचारलं. महिना, म्हटलं. "मग ठीक. महिनाच असते." खिळ्याचं सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटी म्हटलं, आई, बाबांचा फोटो तिथेही ट्रंकेवरच ठेवावा लागणार.

"म्हणजे इथल्यासारखंच की!" आणि हसली. "सवय आहे त्यांना टेकून बसायची."

मीही हसले. किती दिवसांनी हसलो दोघी.

२ एप्रिल

पंचवीस हजार कमी पडतायत. पलंग जुना घेतला तरी.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर मी आईकडेच हात पसरला. फोनवर विचारलं, तुझ्या बांगड्या थोडे दिवस गहाण टाकू का? वर्षभरात सोडवून तुझ्या हातात घालीन, शपथ.

  "त्या आत्ता मिळायच्या नाहीत गं."

का?

"अडकल्यात."

लॉकरची किल्ली हरवली का दादाने? "हो... तसंच काहीतरी." मग घाईघाईने, "पेन्शनमधले दिले असते. पण ती आली की जाते बघ."

आता या वयात औषधांनाच किती लागत असतील. मला इतकी लाज वाटली! म्हातारीच्या हातातल्या बांगड्यांवर डोळा ठेवणारी मी कसली मुलगी. काही नको, मी बघते, म्हटलं. "रागावली नाहीस ना?" हे तीच मला विचारत होती.

६ एप्रिल

दादाकडे गेले. पैशांचं विचारायलाच.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट नाही. आईला दवाखान्यात तोच नेतो, रजा काढून. चष्मा पुसत म्हणाला, "दिले असते. पण आपण बाबांच्या हाताखाली वाढलोय. हिशोब हिशोबाच्या जागी, नातं नात्याच्या जागी. एकदा मिसळलं की दोन्ही जातात." बाबांचं वाक्य, बाबांच्याच सुरात. 

बाबा खरंच तसे होते. मला पहिली नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारापासून जेवणाखाण्याचे पैसे घ्यायचे माझ्याकडून. दादाकडूनही घ्यायचे. मैत्रिणी हसायच्या, हिला घरात खानावळ आहे! मी मनात धुमसायचे. मग हॉस्टेलात राहायला निघाले त्या सकाळी बाबांनी एक जाड पाकीट हातात ठेवलं. सगळे पैसे. दर महिन्याचे. "हे तुझेच. हातात असते तर उडवले असतेस." माझ्या बँकेतल्या पैशांची सुरुवात तिथून झाली. मी तेव्हा रडले होते, आणि आज दादासमोर बसून तेच आठवत होते.

दादा जिन्यापर्यंत आला. "तारीख ठरली की सांग. आधी सांग पण. अशा गोष्टी महिनाभर आधी कळलेल्या बऱ्या." वहिनी आतून म्हणाली, "हो ना, खोली रिकामी झाली की आमचीही गणितं बदलतात."

दादाला आईचं जाणं जड जाणार. बोलून नाही दाखवणार तो. बाबांवर गेलाय.

९ एप्रिल

दुकानाच्या मालकांकडून उचल घेतली. पंचवीस. दर महिन्याला पगारातून कापतील आणि वर्षभर माझे रविवार दुकानाचे. "चालेल ना?" असं त्यांनीच विचारलं. उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

आई घरात असली की रविवार गेले तरी काय बिघडणार आहे म्हणा.

११ एप्रिल

करारनामा झाला. नोंदणीच्या ऑफिसात तासभर रांग. मशीनवर बोटं उमटेनात. रोज काचा पुसून पुसून माझ्या बोटांच्या रेषा गेल्यात बहुतेक! तिथला माणूस वैतागला. "दाबा. जोरात दाबा. आता हळू." फोटो काढताना म्हणाला, हसू नका. मी हसत नव्हतेच.

आजच्या आज हवा असेल तर त्याचे वेगळे. आजच हवा होता.

१२ एप्रिल

नर्सला राहवलं नाही. माझ्या फोनवरून तिने फक्तरावला लावला आणि माझ्यादेखत उभा-आडवा घेतला. ब्रोकरेजवर टॅक्स लावता ना, मग पावती द्या! व्हिजिटचे परत करा! असं आणि बरंच काही. कॉलेजात असल्यासारखी कमरेवर हात ठेवून बोलत होती.

फक्तरावने पाचशे परत केले!! दुकानात आणून दिले, स्वतः. आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही नुसतं म्हटलं असतंत, तर मी तेव्हाच दिले असते."

हे त्याने बोलायला नको होतं. पाचशे मिळाल्याचा आनंद तिथेच मेला. इतर किती गोष्टी मी नुसतं म्हटलं असतं तर...

१५ एप्रिल

किल्ली मिळाली. दोन किल्ल्या खरं तर. दुसरीचे वेगळे.

बिल्डिंगच्या कमिटीचे गृहस्थ खालीच खुर्ची टाकून बसलेले. सामान आणायचं तर शिफ्टिंग चार्ज, लिफ्ट वापरायची तर लिफ्टचे. सामान किती, हे त्यांनी विचारलं. एक पलंग, एक ट्रंक, चार भांडी. त्यांनी हळहळल्यासारखं केलं. "सगळ्यांना सारखाच असतो, ताई." चार भांड्यांना आणि चार कपाटांना सारखाच! काढून दिले. आता देणं हे माझ्या हाताचंच काम झालंय, मला विचारावं लागत नाही.

पण मग वर गेले. दुकानाआधी, सकाळीच. दार उघडलं तर गॅलरीतून ऊन आत येऊन अर्ध्या खोलीत पसरलेलं. मी चपला काढून त्यात बसले. जमीन गरम होती. पैसे, कमिटी, फक्तराव, सगळं विसरले. मालकीणबाईंनी उन्हाचे वेगळे लावलेले नाहीत! मोठ्याने हसले एकटीच. रिकाम्या घरात आवाज घुमला.

बाबांच्या फोटोसाठी जागा बघून ठेवली. ट्रंक गॅलरीच्या दाराशी ठेवायची. म्हणजे दोघांनाही ऊन मिळेल.

१६ एप्रिल

दादाला फोन केला, रविवारी आईला न्यायला येते.  "या रविवारी? बुधवार आज. मी म्हटलं होतं ना तुला, आधी सांग म्हणून." अरे, किल्लीच काल मिळाली, भाडं सुरू झालंय, म्हटलं. "बरं. मी आईशी बोलतो."

तासाभराने आईचा फोन. कुजबुजत. "एवढ्यात नको ना गं. पुढच्या महिन्यात आले तर?"

मी भडकले. चक्क आईवर! दुनियेपुढे गोगलगाय आणि आईवर वाघ. म्हटलं, रिकाम्या घराचं भाडं भरतेय मी, उचल घेतलीय, रविवार विकलेत, आणि आता तुला दादाचा लळा सुटत नाही?

 ती हळूच म्हणाली, "चालेल. बघते मी."

हा शब्द माझ्या तोंडी कुठून आलाय, ते आज कळलं.

१७ एप्रिल

आईला सॉरी म्हणायला फोन केला. वहिनीने उचलला. "झोपल्यात."

१९ एप्रिल

जुन्या बाजारातून वेताची खुर्ची घेतली. हातही आहेत तिला, आईला उठताना धरायला. गॅलरीत बरोबर बसते. दुकानदाराने शंभर जास्त सांगितले आणि मी म्हटलं, नाही चालणार!

त्याने कमी केले! रस्ताभर नर्सला फोन करून तेच सांगत होते.

उद्या मालकांनी सुट्टी दिलीय, शेवटचा रविवार म्हणून. टेम्पो नऊला.

२० एप्रिल

टेम्पो खाली उभा, थांबण्याचे पैसे सुरू. आई पलंगावर बसलेली. ट्रंक जागच्या जागी, तिच्यावर बाबा.

"तू पुढे हो. मी महिना भरून येते."

कसला महिना?

"नोटीस द्यावी लागते ना गं. तू बुधवारी सांगितलंस, मी बुधवारीच दिली दादाला. महिना भरायच्या आत निघाले, तर डिपॉझिट जातं माझं." मग मला समजावायला लागली. "रागावू नकोस त्याच्यावर. बाबा नव्हते का घेत तुमच्याकडून? तीच पद्धत."

दादा दारात उभा होता. चष्मा पुसत.

मी विचारलं, कसलं डिपॉझिट, आई?

"बांगड्या," ती म्हणाली.